दगड दाखवा, मग भाकरी वाढा

एकदिवसीय सहलींच्या जाहिरातींत हल्ली एक जोडी सारखी ऐकू येते: ज्वालामुखीची भूमी आणि अस्सल गावरान जेवण, सोबत गाईड. जोडी लाखमोलाची आहे. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर याहून खरी जोडी दुसरी नाही. माझं भांडण ती विकणाऱ्यांशी आहे. पैसे दोन्हींचे घेता, तर दोन्ही द्या.

होतं काय? पहाटे बस सुटते. माईक हातात आला की गाईड अंताक्षरी लावतो. घाट आला की 'फोटो पॉइंट', पंधरा मिनिटं, चला चला. कड्याकडे बोट करून 'हा सगळा लाव्हा बरं का' एवढं एक वाक्य, तेही कुणी विचारलं तर. दुपारी महामार्गावरचा ढाबा. पनीर, जीरा राईस, तंदुरी रोटी. भाकरी मागितली तर मिळते, पण ती कुठल्या रानातली हे वाढणाऱ्यालाही माहीत नसतं आणि त्याला विचारावं असं गाईडलाही वाटत नाही. संध्याकाळी बस परत. ज्वालामुखी झाला, गावरान झालं, पाच स्टार द्या.

त्यात 'चुलीवरचं' नावाची साथ आली आहे. चुलीवरची मिसळ, चुलीवरचा चहा, चुलीवरचं मटण. चुलीबद्दल मला आदर आहे, ती पेटवणाऱ्या बाईबद्दल त्याहून जास्त. पण चवीचा उगम धुरात शोधायचा आणि ज्या मातीत ते धान्य उगवलं तिचं नावही घ्यायचं नाही, हा कुठला अस्सलपणा? चूल कुठेही मांडता येते. माती हलवता येत नाही.

त्या मातीची गोष्ट गाईडने सांगायलाच हवी, कारण ती दहा मिनिटांत सांगून होते. इथला लाव्हा शंकूसारख्या डोंगरातून कारंज्यासारखा उडाला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून तो वाहत आला, पसरला, थिजला. मग वर्षं गेली, पृष्ठभाग कुजला, त्यावर पुढचा थर आला. असं पुन्हा पुन्हा झालं. ही सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची घडामोड. झिजून-धुपून आज उरलेला पसारा ५ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि सह्याद्रीत या थरांची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. घाटात रस्त्याकडेच्या कापणीत काळ्या दगडाच्या, म्हणजे बेसाल्टच्या, दोन थरांमध्ये विटकरी रंगाचा पट्टा दिसतो ना, तो म्हणजे मधल्या उसंतीत कुजलेला पृष्ठभाग, वरून आलेल्या लाव्ह्याखाली गाडला गेलेला. बस थांबवा आणि तो पट्टा दाखवा. सेल्फीला त्याहून चांगली पार्श्वभूमी मिळणार नाही.

'पण ज्वालामुखीचं तोंड कुठे आहे?' असं पाहुणा विचारतो. काही गाईड मग गोल दिसणारा कुठलाही खड्डा दाखवून मोकळे होतात. लोणारलाही ज्वालामुखीच्या यादीत ढकलतात. लोणार उल्केच्या आघाताने झालेलं विवर आहे, ते याच बेसाल्टमध्ये पडलं म्हणून जगात वेगळं आहे. ते जसं आहे तसं सांगितलं तरी माणसं थक्क होतात. आणि सह्याद्रीत तोंड दिसत नाही तर तसं सांगा. सकाळपासून गाडी लाव्ह्यावरूनच चालली आहे, हे उत्तर पुरेसं आहे.

आता मुद्द्याचं. जेवण आणि खडक यांचा संबंध जाहिरातीत नुसता अधिकचं चिन्ह टाकून दाखवतात. प्रत्यक्षात तो सरळ आहे: खडक किती कुजला आणि त्यावर पाऊस किती पडला, यावर ताटात काय येणार ते ठरतं. हे पाहायला अख्खा महाराष्ट्र फिरावा लागत नाही. पुणे जिल्ह्यातला जुन्नर तालुका पुरतो.

तालुक्याच्या पश्चिम टोकाला नाणेघाट. इथे पाऊस धो धो. माती उतारावरून धुऊन जाते, खडक उघडा पडतो. उतारांवर महादेव कोळी आणि ठाकर शेतकरी नाचणी, वरई घेतात, खाचरांत भात. जंगलातून हिरडा गोळा होतो. तालुक्याच्या पूर्व टोकाला आणे पठार. मधल्या डोंगरांनी ढग अडवलेले, पाऊस तुटपुंजा. जमीन उथळ, मुरमाड; मुरूम म्हणजे अर्धवट कुजलेला बेसाल्टच. त्यात बाजरी तग धरते, हुलगा तग धरतो. अजून पूर्वेला, पार सोलापूरकडे उतरलात की तोच खडक पुरता कुजून खोल काळी माती झालेली असते. ती ओली झाली की फुगते, वाळली की पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसाळ्यात प्यालेलं पाणी ती हिवाळाभर धरून ठेवते. त्या ओलीवर, एकही पाणी न देता, मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी उभी राहते. एकच लाव्हा, पण डोंगरात नाचणी, मुरमात बाजरी, काळीत ज्वारी. भाकरीचा रंग पाहून जमीन ओळखता येते. हे एवढं ज्या गाईडला सांगता येत नाही, त्याने 'स्थानिक खाद्यसंस्कृती' हे शब्द वापरू नयेत.

जाता जाता: काळी माती म्हणजे सगळं सोनं, ही समजूतही गाईडांनी पसरवू नये. तिच्यात चुना, मॅग्नेशियम, लोह भरपूर. नत्र आणि स्फुरद कमी. म्हणून तर शेणखत लागतं, म्हणून तर हुलगा, तूर, हरभरा यांची फेरपालट लागते. शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या केलेली ही मेहनत ताटात दिसते. लाव्ह्याने सगळं आयतं वाढून ठेवलेलं नाही.

मग एक दिवस कसा काढावा? चार ठिकाणं, जास्त नाहीत. 'एका दिवसात नऊ स्थळं' असं छापणाऱ्याकडे जाऊच नका. तो तुम्हाला फक्त पार्किंग दाखवणार.

पहिलं नाणेघाट, सकाळच्या उन्हात. पावसाळ्यात इथे गर्दी होते ती उलट्या धबधब्याच्या रीलसाठी. वाऱ्याने पाणी वर उडतं, सुंदरच दिसतं, पण त्याच माणसांची पाठ सह्याद्रीच्या सर्वांत स्वच्छ उघड्या कापणीकडे असते. कड्यावरून समोर पाहा. थरावर थर, पायऱ्यांसारखे. उभा ताशीव भाग घट्ट बेसाल्टचा, मधला उतरता, गवत धरणारा भाग पोकळ्यांच्या, लवकर कुजणाऱ्या बेसाल्टचा. किल्ले याच पायऱ्यांवर बसले आहेत. शेजारच्या जीवधनचा ताशीव कडा कुठल्या राजाने बांधला नाही, लाव्ह्याने बांधला. राजांनी त्यावर दरवाजे बसवले. घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, यज्ञ आणि दानांची यादी आहे. तो दोन हजार वर्षं टिकला, कारण दगड तसा होता. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून सांगतात. लोक त्याच्याबरोबर फोटो काढतात. त्याच्या बाजूच्या खडकात पांढरे ठिपके दिसतात का ते कुणी वाकून पाहत नाही. लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूचे ते बुडबुडे; नंतर पाझरणाऱ्या पाण्याने त्यांत खनिजं भरली. शेतात नांगराला लागणारी गारगोटी अशाच पोकळ्यांतली. खनिजं खणून घरी न्यायची नाहीत, हेही गाईडने तिथेच बजावावं.

दुसरं लेण्याद्री. गिरिजात्मजाचं दालन एवढं मोठं, आणि आत एकही खांब नाही. भाविक हात जोडतात, मीही जोडतो. पण छत पेललं कसं हे सांगणं भक्तीच्या आड येत नाही. कोरणाऱ्यांनी भेगा नसलेला, एकसंध थर निवडला. छिन्नीचा आवाज ऐकून दगड ओळखणारी माणसं होती ती. त्यांच्याविषयी दोन शब्द बोलायला वेळ नाही, आणि माकडांपासून प्रसाद सांभाळा हे सांगायला मात्र पाच मिनिटं?

आता दुपार. आता मासवडी.

जुन्नर, आंबेगाव आणि पलीकडे नगरच्या पट्ट्यात मासवडी घरोघरी होते आणि नारायणगाव-आळेफाटा रस्त्यावर तिच्या पाट्याही दिसतात. तरी सहलीच्या कार्यक्रमात ती नसते, कारण तिला वेळ लागतो आणि ती आधी सांगावी लागते. बघायला मिळाली तर बसून बघा. उकळत्या पाण्यात हळद, तिखट, मीठ, मग बेसन एका हाताने सोडत दुसऱ्या हाताने घोटायचं. गुठळी झाली की संपलं. ओल्या फडक्यावर खसखस आणि खोबऱ्याचा कीस भुरभुरायचा, त्यावर तो वाफाळता गोळा पाण्याच्या हाताने थापायचा. गार झाला की तो फाटतो, म्हणून बाई बोटं पोळून घेत थापते. वर सारण: भाजलेले तीळ, सुकं खोबरं, शेंगदाणे, परतलेला कांदा, लसूण, कोथिंबीर. मग फडक्याच्याच टोकाने उचलून घडी घालायची, दाबून माशाचा आकार द्यायचा आणि वड्या पाडायच्या. रस्सा वेगळा, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा, काळ्या मसाल्याचा, तवंग आलेला. वडी रश्श्यात सोडायची नाही, ताटात घ्यायची आणि त्यावर रस्सा. सोबत बाजरीची भाकरी. बेसन, तीळ, शेंगदाणे, बाजरी: कमी पाण्यावर येणारी ही पिकं. त्या कोरडवाहू रानाचा आणि या ताटाचा संबंध सांगायला वेगळं भाषण लागत नाही, समोरच वाढलेलं असतं.

आणि मसाला पाट्यावरचा असेल तर खडक नुसता शेतात राहत नाही, स्वयंपाकघरात येतो. पाटा, वरवंटा, जातं, उखळ, सगळं काळ्या पाषाणाचं, म्हणजे याच बेसाल्टचं. त्याचे कण बारीक आणि एकमेकांत गच्च अडकलेले असतात, त्यामुळे तो घासतो, पण वाळूसारखा झडत नाही. वाटून वाटून गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यायची. दारोदार 'टाकी लावायचीय काऽऽ' अशी हाळी देत फिरणाऱ्या बाया आमच्या लहानपणी होत्या. त्यांचं काम मिक्सरने नेलं. मिक्सरवर माझा राग नाही, बाईचे खांदे वाचले. पण ज्या हॉटेलात पाटा दारात शोभेला ठेवतात आणि मसाला तयार पाकिटातला वापरतात, तिथे 'पाट्यावरचा रस्सा' असं पाटीवर लिहिणं हा खोटेपणा आहे आणि त्याला खोटेपणाच म्हटलं पाहिजे. मेक्सिकोत बेसाल्टचा मोल्काहेते अजून जेवणाच्या टेबलावर येतो, त्यातच साल्सा वाटून वाढतात. आपल्याकडे पाटा तुळशीमागे पडलाय.

तिसरं ठिकाण बोरी बुद्रुक, कुकडी नदीच्या काठी. इथे पाहण्यासारखं काही नाही, असं टूरवाले सांगतील. इथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, आणि ती राख सह्याद्रीची नाही. तिची रासायनिक जुळणी इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीशी लागते. समुद्र ओलांडून ती राख इथे पडली. टोबाच्या नेमक्या कुठल्या स्फोटाची, यावर अभ्यासकांत मोठा वाद झाला आहे. एक बाजू सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाचं नाव घेते, दुसरी त्याहून खूप जुन्या स्फोटाचं. त्याच परिसरात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना अश्मयुगीन दगडी हत्यारं सापडली. म्हणजे इथे माणूस होता, बेसाल्टची हत्यारं करत होता. ज्वालामुखीची सहल विकणाऱ्याला याहून मोठं स्थळ कुठे मिळणार आहे? इथे रेलिंग नाही, चहाची टपरी नाही, म्हणून ते कार्यक्रमातून गळतं. थर मऊ आहे, नदी त्याला खाते, म्हणून गर्दीचे लोंढे नकोतच. पंधरा जण, शेतकऱ्याची परवानगी घेऊन, हात न लावता. गाईडने खिशातून लोहचुंबक काढावा आणि कुकडीच्या कोरड्या वाळूतून फिरवावा. त्याला काळ्या कणांची दाढी येते. बेसाल्टमधलं मॅग्नेटाइट आहे ते. पोरं तासभर हलत नाहीत.

चौथं आणे घाटातलं गुळुंचवाडी. कल्याण-नगर रस्त्याला अगदी लागून ओढ्याने बेसाल्ट कोरून नैसर्गिक पूल केलाय. वर खडक, खाली कमान, कमानीखालून पावसाळ्यात पाणी, बाजूला देवीचं देऊळ. असे पूल दख्खनच्या या खडकात मोजकेच. रोज शेकडो गाड्या त्याच्या शेजारून भरधाव जातात. तिथे थांबणाऱ्यांनी बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं मागे टाकू नयेत, एवढं तरी गाईडकडून करून घ्यावं. निघोजचे रांजणखळगे इथून लांब नाहीत, पण ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. पुरात गरगर फिरणाऱ्या गोट्यांनी कुकडीचा तळ कसा पोखरला, हे घाईत बघण्यासारखं नाही, आणि तिथला खडक निसरडा आहे.

परदेशाचं उदाहरण दिलं की लोक चिडतात, तरी देतो. कॅनरी बेटांपैकी लान्झारोते. तिथे १७३० ते १७३६ अशी सहा वर्षं लाव्हा आणि राख ओकली गेली, सुपीक जमीन गाडली गेली. शेतकऱ्यांनी राखेत खड्डे खणले, खालच्या मातीपर्यंत पोचले, प्रत्येक खड्ड्यात द्राक्षाचा वेल लावला आणि वाऱ्याच्या बाजूला दगडांची अर्धगोल भिंत घातली. राख रात्रीचं दव धरते, त्यावर वेल जगतो. आज ला हेरियाच्या त्या मळ्यांतली वाइन आणि तिमानफायाचा लाव्हा पर्यटक एका दिवसात, एकाच गोष्टीचे दोन भाग म्हणून बघतात. तिमानफायाच्या उपाहारगृहात जमिनीतून येणाऱ्या उष्णतेवर मांस भाजतात. तीनशे वर्षांच्या राखेवर त्यांनी पोट भरलं आणि ती कशी वापरली हे सांगायला माणसं तयार केली. आपल्याकडे साडेसहा कोटी वर्षांचा ठेवा आहे, तो वापरून झालेली शेती आहे, स्वयंपाक आहे. सांगणारी माणसं तेवढी तयार करायची आहेत.

२०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, शिवनेरी त्यांत आहे. छाती भरून आली. त्याच वर्षी पाचगणी-महाबळेश्वरचे दख्खन ट्रॅप, म्हणजे हेच लाव्ह्याचे थर, भारताने युनेस्कोच्या संभाव्य यादीत घातले. पहिल्या बातमीवर मिरवणुका निघाल्या, दुसरी कुणाच्या कानावरही गेली नाही. मला या दोन बातम्या वेगळ्या वाटत नाहीत. शिवनेरीचा कडा उतरवून ठेवा, किल्ला कुठे उरतो? आणि ज्या डोंगरांवर आपण वारशाचे फलक लावतो, त्यांच्याच भाऊबंद टेकड्या गावोगावी खडी क्रशरला लावल्या जात आहेत. गाईडने तीही टेकडी दाखवावी. अर्धी कापलेली. तिथेही थर स्वच्छ दिसतात.

आता पैशाचं, कारण गोड बोलून सगळे तेच टाळतात. सहलीची रक्कम शहरात जमा होते. त्यातलं किती तालुक्यात उतरतं? बस शहरातली, गाईड शहरातला, जेवण महामार्गावरच्या हॉटेलचं. नाणेघाटाखालच्या वाडीतल्या पोराला ज्या कड्याची प्रत्येक वाट पाठ आहे, त्याच्या वाट्याला गाड्या लावून घ्यायचं काम येतं. त्याला भूशास्त्राचं शिक्षण द्या. पुण्यात त्यासाठी अभ्यासकांची वानवा नाही, कॉलेजांतले विभाग आहेत, निवृत्त प्राध्यापक आहेत जे हौसेने शिकवतील. एका उन्हाळ्यात पंधरा-वीस पोरंपोरी तयार होतील आणि मग माईक त्यांच्या हातात द्या. मासवडी करणाऱ्या बाईला ताटामागे पैसे द्या, दिवसाच्या मजुरीवर बोलावून पाहुण्यांसमोर भाकरी थापायला बसवू नका. ती प्रदर्शनातली वस्तू नाही, ती त्या दिवसाची सर्वांत जाणती माणूस आहे. तिला विचारा या वर्षीची बाजरी कशी आहे. पाऊस कधी पडला, कुठल्या वावरात दाणा भरला नाही, सगळं सांगेल.

जाहिरात वाचून फोन कराल तेव्हा तीनच गोष्टी विचारा. गाईड कुठल्या गावचा आहे? भाकरीचं पीठ कुठून येतं? दगडाविषयी किती वेळ बोलणार? तिन्हींवर पलीकडून गडबडल्याचा आवाज आला तर फोन ठेवा आणि स्वतःची गाडी काढा.

आणि स्थानिक जेवण शहरी पर्यटकांना वाढणं फार अवघड, ते जमायचं नाही, असं म्हणणाऱ्या आयोजकांसाठी एक पत्ता देतो. आणे गाव, रंगदास स्वामींची यात्रा. मोठमोठ्या कढयांत आमटी रटरटते, बाजरीच्या भाकरी गावातल्या आणि आसपासच्या घराघरांतून येतात आणि हजारो माणसं जेवून उठतात. तुटपुंज्या पावसाच्या, मुरमाड पठारावरचं गाव हे करतं, दरवर्षी करतं, कुणाकडून तिकीट न घेता. पॅकेज छापण्याआधी त्या पंगतीला बसून या.